पप्पाने केलेलं पेन

फोर्त्सहाइम, ९ एप्रिल २०१५

फोल्कमार,

वर "प्रिय" लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

पार्सल मिळालं. सोळा वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली वस्तू, आणि तीसुद्धा मोडकी.

चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं, मला नीट कळलं नसेल. मी शाळा अर्धवट सोडलेली बाई, तू सूट घालून भाषणं करणारा. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की पहिल्यांदाच बरोबर कळलं होतं. आपल्या स्वेन्याला बावीस मेला लग्नाच्या नोंदवहीत याच पेनाने सही करायची आहे. पेन चालत नाही. "साहजिकच" ते तू दुरुस्त करशील असं तिला वाटतं, कारण तिच्या पप्पानेच ते केलंय ना. म्हणून मी ते चालू करून द्यावं, गुपचूप पाठवावं, तेही दुकानाच्या पत्त्यावर, घरच्या नाही. म्हणजे बिर्टेलाही तू तेच सांगितलेलं दिसतंय. दुसऱ्या बायकोशीसुद्धा तेच खोटं. नवं रचायचेही कष्ट नाहीत.

पुढे लिहितोस, "आपल्यातल्या जुन्या गोष्टी मध्ये आणू नयेत." फोल्कमार, तू पाठवलेली गोष्टच अठरा वर्षं जुनी आहे. मी ती मध्ये न आणता दुरुस्त कशी करू?

आपल्या कारखान्याच्या रिफिली लांब, बारीक, शेपटीला आटे असलेल्या. कारखाना मोडून बारा वर्षं झाली, त्या रिफिली आता कुठे मिळत नाहीत. हल्लीच्या आखूड आणि जाड. हे पेन त्या काळच्या मापाचं, म्हणून नवी त्यात बसत नाही. एवढंच आहे. ल्युबेकमध्ये दिवसभर गल्ल्यामागे उभं राहून तू रिफिली विकतोस, आणि हे तुला कळू नये. खाटकाने गायीला शेपूट कुठे असतं ते विचारावं तसं झालं.

आणि ते पेन कोणी केलं ते माहीत असलेले आता या पृथ्वीवर दोघंच उरलेत. एक मी. दुसरा तू. तुझ्या बाबतीत मला खात्री नाही, इतकी वर्षं खोटं बोलून माणसाला ते खरं वाटायला लागतं म्हणतात. म्हणून आठवण करून देते. पितळेची कांडी घेऊन लेथवर ते मी वळलं, रोस्विताने. तू तेव्हा विक्री खात्यात होतास आणि तुझ्या नखांत कधी तेल गेलेलं मी पाहिलेलं नाही.

दुरुस्त करीन की नाही ते ठरवलेलं नाही.

रोस्विता


फोर्त्सहाइम, १२ एप्रिल

फोल्कमार,

आज रविवार. जिना झाडायची पाळी माझी होती, झाडला, मग तळघरात जाऊन पेन उघडलं.

काय केलंस हे?

पुढच्या टोकाच्या आत बारीक रिफिलीपुरती अरुंद वाट होती. आता तिथे भोक आहे. भोकसुद्धा गोल नाही. भिंतीवर फोटो टांगायच्या ड्रिलने पाडलंस ना? नाही म्हणू नकोस, ड्रिल घसरल्याच्या तीन रेघा बाहेर मुलाम्यावर उमटल्या आहेत. तरीही नवी रिफिल बसेना, म्हणून आधीच आखूड असलेली ती तू मागून कापलीस. शाईने भरलेली रिफिल कापलीस, फोल्कमार. दूध भरलेल्या पिशवीला कात्री लावावी तशी. ती सगळी आत सांडली. मग चिकटपट्टीचे सात वेढे गुंडाळून ठोकून बसवलीस. सात. मी सोडवताना मोजले. एवढं ठोकलंस की स्प्रिंग वाकडी झाली आहे.

आणि त्याच्यावर तू मला लिहितोस, "मी थोडा प्रयत्न केला, पण माझी दृष्टी पूर्वीसारखी राहिली नाही." दृष्टी! पूर्वी तरी या हातांनी काय केलं होतंस?

आता एक गोष्ट सांगते, ती तुला ठाऊक नाही. आपल्या कारखान्यात प्रत्येक टर्नरची खूण असायची. सुट्या भागाच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी. माल परत आला की कोणाच्या बोडक्यावर आपटायचा ते मुकादमाला कळावं म्हणून. माझी खूण तीन खाचांची, तिसरी आखूड. घरच्या कामावर खूण करायचं कारण नव्हतं, पण हाताला वळण पडलेलं, मी त्या पेनातही केली. त्या वाटेच्या मागे, आत. ते पेन माझं होतं याचा जगात एवढा एकच पुरावा, आणि तो तुझ्या ड्रिलच्या भुकटीत गेला.

तुला ती खूण माहीत होती का असं विचारणार होते. पण नसणारच. माहीत असती तर अठरा वर्षांपूर्वीच भोक पाडलं असतंस.

रोस्विता


फोर्त्सहाइम, १९ एप्रिल

फोल्कमार,

तू फोन केलास, मी ठेवून दिला. लिहूनच सांगते. फोनवर तुझा तो आवाज ऐकला की माझे शब्द अडतात. अजून तसाच आहे, तूप लावल्यासारखा.

तू म्हणालास, "कोणी केलं याने काय फरक पडतो रोस्विता? मुलगी खूश झाली ना? झालं तर मग."

फरक काय पडतो ते ऐक.

सत्त्याण्णव सालचा सप्टेंबर. स्वेन्या दहा वर्षांची, मोठ्या शाळेत जाणार होती, जिथे मी कधी गेले नाही आणि तू गेलास ते सगळ्यांना ऐकवत फिरायचास. मी अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत जेवले नाही, लेथवर उभी राहिले. मुकादमाने बघून न बघितल्यासारखं केलं. मुलामा देणाऱ्या ओटिलीला अलुबुखारच्या मुरंब्याच्या दोन बरण्या दिल्या, तिने चांदी चढवली आणि वर मुलीचं नाव कोरून घेतलं. माझी दुपारची पाळी होती, गाडी तुझ्याकडे होती. म्हणून तुला एवढंच सांगितलं की ओटिलीकडून पुडकं घेऊन ये. आणायचं काम होतं तुझं. हमालाचं.

मी घरी आले तेव्हा तू ते देऊन मोकळा झाला होतास. मुलगी तुझ्या गळ्यात लटकलेली. मला बघून ओरडली, "आई, बघ, पप्पाने स्वतःच्या हाताने केलंय." आणि तू तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून डोळा मारलास.

मी तोंड उघडलं होतं. शेजारपाजारच्यांना विचार, माझं तोंड उघडलं की तीन मजले ऐकू जायचं. पण ती इतकी हसत होती की मी बटाटे सोलायला घेतले. आयुष्यात एकदाच गप्प बसले, आणि त्याची शिक्षा मला अजून पुरते आहे.

दोन वर्षांनी तू बिर्टेकडे निघालास. बालकल्याण कार्यालयातली ती लाल चष्म्याची बाई आली आणि तिने स्वेन्याला विचारलं, तुला कोणाकडे राहायचंय. स्वेन्या म्हणाली, "पप्पाकडे. पप्पा माझ्यासाठी हाताने वस्तू करतो. आई नुसती ओरडते." त्या बाईने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मला प्रत मिळाली. मी हळू वाचते, त्यामुळे मला ते वाचायला जास्तच वेळ लागला.

तिने पेनासाठी तुला निवडलं असं मी म्हणत नाही. मी ओरडायचे, हे खरं आहे. पण तिने तुझ्या बाजूने जे कारण सांगितलं, ते माझ्या हातांचं होतं. हा फरक पडतो.

पेन दुरुस्त करते आहे. तुझ्यासाठी नाही. मी केलेली वस्तू अशा अवस्थेत बघवत नाही म्हणून.

रोस्विता


फोर्त्सहाइम, ३ मे

फोल्कमार,

काल स्वेन्याचा फोन आला. नाताळ नाही, माझा वाढदिवस नाही, तरी आला. मी आधी घाबरले.

लग्नाला येतेस ना नक्की, विचारलं. छापील पत्रिका आली आहे म्हटलं, येईन. मग बराच वेळ ती बसायच्या जागा, माल्टेची आजी, जेवण कुठे, असं बोलत राहिली. होणारा जावई, माल्टे, चांगला दिसतोय. नकाशे काढायची नोकरी करतो आणि कमी बोलतो, तुझ्यानंतर तिला तसाच कोणीतरी हवा होता. आणि मग म्हणाली:

"आई, पप्पा ते पेन दुरुस्त करतोय. तुला आठवतं ना, पप्पाने केलेलं? तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये बसतो म्हणे. त्याचे डोळे आता बरे नाहीत, तरी. किती गोड आहे ना?"

पेन माझ्यासमोर टेबलावर होतं. सात तुकड्यांत, पांढऱ्या फडक्यावर. मी म्हटलं, "हो का."

ती म्हणाली, "तू नेहमी असंच बोलतेस. हो का."

"मग काय बोलू?"

"काही नको बोलूस. एकदा तरी त्याच्याबद्दल चांगलं बोलली असतीस तर बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, तुझा पप्पा फार चिकाटीचा माणूस आहे. ती खूश झाली. बघ, खोटं बोलायला मलाही जमतं. तोंडाला तुझी चव राहिली दिवसभर.

पेन झालं आहे. मी दिवसभर दातांच्या डॉक्टरांसाठी स्क्रू कापते, तांदळाच्या कण्यांएवढे, त्यामुळे हात बसलेला आहे. तुझं ते वेडंवाकडं भोक आधी गोल करून मोठं केलं, आतून नवी पितळी नळी वळून घट्ट ठोकली, त्यात हल्लीच्या जाड रिफिलीच्या मापाची वाट केली. मागे पोकळी उरत होती, तिची सोय केली. स्प्रिंग नवी. बाहेरच्या तीन रेघा घासून दोन घालवल्या, एक गेली नाही, ती तुझी म्हणून राहू दे. आता कुठल्याही दुकानातली रिफिल चालेल, तुझ्यासुद्धा. मी त्यात सरकारी कागदाला चालणाऱ्या पक्क्या शाईची घातली आहे. तू जेलची कोंबली होतीस. नोंदणीवाल्या बाईने ती बघताच पेन बाजूला ठेवायला लावलं असतं, आणि ते बरोबर झालं असतं. दुकानदार म्हणे.

खूण परत केली नाही. कोणासाठी करू?

आता नीट वाच. पेन माझ्याकडे आहे. ते मिळेल. पण आधी तू स्वेन्याला सांगायचं. फोनवर सांग, समोर बसून सांग, मला काही नको. "पेन आईने केलं होतं." चार शब्द आहेत. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती हेवेखोर बाईची आणखी एक बडबड, आणि पुरावा तर तू भोकात घातलास. तूच सांगायला हवंस, कारण खोटं तुझ्या तोंडातून निघालं होतं.

रोस्विता


फोर्त्सहाइम, ११ मे

फोल्कमार,

तुझं कार्ड आलं. पुढे बंदराचं चित्र, मागे दोन ओळी. "लग्न झाल्यावर नक्की सांगेन. आत्ता तिच्या आनंदात विघ्न नको." किती विचारी बाप आहेस. तिचा आनंद आणि तुझी अब्रू नेहमी एकाच खिशात असतात, मी पाहिलं आहे.

ठीक. पेन सोबत पाठवते आहे, दुकानाच्या पत्त्यावर, जसं तुला हवं होतं. पण सुटं. तुकड्यांत. ज्याने ते केलं त्याला जोडता यायला काय हरकत आहे? तू तिला सांगितलंयस ना की तीन आठवडे गॅरेजमध्ये बसलायस. आता बैस.

कसं जोडायचं ते लिहिते, कारण तिच्या लग्नाच्या दिवशी ते चालायला हवं. आधी रिफिलीवर स्प्रिंग चढव, रुंद तोंड टोकाकडे. मग दोन्ही मिळून पुढच्या भागात सोड, दाबू नकोस, आपोआप बसेल. मागच्या नळीत बटण खालून घाल, वरून नाही, वरून घालायला गेलास तर अडकेल आणि मला परत तुझं पार्सल येईल. मग दोन्ही भाग एकमेकांत फिरव, हाताने, पकडीने नाही. चांदीला पकड लावलीस तर मी लग्नाआधीच ल्युबेकला येईन. बटण दाबून टोक बाहेर येतंय का बघ. झालं. पाच वर्षांच्या मुलाला जमेल, म्हणून मला थोडी काळजी आहे.

बावीसला, शुक्रवारी सकाळी गाडीने पोचते. नोंदणी कार्यालयात भेटू. माझ्याशी हात मिळवायला येऊ नकोस.

रोस्विता


फोर्त्सहाइम, २६ मे

फोल्कमार,

हे पत्र तीन वेळा सुरू केलं. सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे मला तरी कळेल काय झालं.

मी तिसऱ्या रांगेत होते, माल्टेच्या आजीशेजारी. तू पुढे, नव्या करड्या सुटात. आत जाण्यापूर्वी पायऱ्यांवर तू ते पेन सगळ्यांना दाखवत होतास, बटण दाबत होतास, सोडत होतास. टक टक. बिर्टेच्या भावाला म्हणालास, "थोडी खटपट करावी लागली, पण जुना हात आहे." मी खांबाआड उभी होते. मला वाटतं तू मला पाहिलंस आणि तरी म्हणालास.

मग आत. नोंदणीवाली बाई छान होती, गळ्यात हिरवा रुमाल, भाषण लांबवलं नाही. दोघं हो म्हणाले. माल्टेने कार्यालयाच्या पेनाने सही केली. मग स्वेन्याने आपलं बाहेर काढलं, आणि ती बाई हसून म्हणाली, शाई पक्की आहे ना? स्वेन्या म्हणाली, "पप्पाने बघून घातली आहे." आणि लिहायला वाकली.

पहिलं अक्षर आलं. दुसरं अर्धं आलं. मग नुसता कागदाला ओरखडा. तिने जोर दिला आणि टोक आत गेलं. बटण दाबलं, आलं, टेकवलं, परत आत. नोंदवहीत तिच्या नावाची दीड अक्षरं.

ती वळली आणि तुला म्हणाली, "पप्पा, बघ ना जरा." किती सहज म्हणाली. बूट फाटल्यावर मूल म्हणतं तशी.

तू उठलास. पेन फिरवून उघडलंस, आणि स्प्रिंग उडून त्या बाईच्या फुलदाणीत पडली. कोणीतरी हसलं. तुझ्या एका हातात एक नळी, दुसऱ्यात दुसरी, आणि तू दोन्हींकडे अशा नजरेने बघत होतास जणू त्या कोणीतरी तुला आत्ताच रस्त्यात दिल्या आहेत. आजी खोकली. मी बसून राहिले. फोल्कमार, मी मुद्दाम बसून राहिले. मांडीवर पर्स, पर्सवर हात. कॉफी गाळून होईल एवढा वेळ मी तुला तिथे उभं ठेवलं.

मला वाटलं होतं तू म्हणशील, डोळे. किंवा हात थरथरतायत. तुझ्याकडे कारणांचं दुकान आहे. तू मान वर केलीस आणि म्हणालास, "मला नाही येत हे. रोस्विताने केलंय."

स्वेन्या म्हणाली, "दुरुस्त?"

"नाही. सगळंच. पहिल्यापासून. मी फक्त घरी आणलं होतं."

एवढ्या लोकांसमोर. बिर्टेसमोर. मी अठरा वर्षं या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? की तुझ्या सुटाच्या खांद्यावर कोंडा पडलाय, आणि तू म्हातारा झालास.

मग मी उठले. पुढे गेले, फुलदाणीतून स्प्रिंग काढली, रुमालाने पुसली. पर्स उघडली, आतून कागदाची पुडी काढली, पुडीतून छोटी पितळी चकती काढली, ती रिफिलीच्या मागे ठेवली, पेन फिरवून बंद केलं आणि टेबलावर ठेवलं. कोणाला नीट बघायलाही वेळ मिळाला नसेल. म्हटलं, "आता कर सही."

स्वेन्याने पेनाकडे पाहिलं नाही. ती माझ्या पर्सकडे बघत होती.

"हे तुझ्या पर्समध्ये कसं?"

म्हटलं, "मी आणलं होतं."

"घरून?"

"घरून."

"म्हणजे तुला माहीत होतं, हे चालणार नाही."

ती तुझी मुलगी असती तर तिला कळलं नसतं. ती माझी आहे, तिला लगेच कळलं.

मी तुला तुकडे पाठवले तेव्हा डब्यात ती चकती होती, पुडीत. कसं जोडायचं त्या चिठ्ठीत तिचं नाव नव्हतं. ती मागची पोकळी भरते, रिफिलीला सरकू देत नाही. तिच्याशिवाय पेन जोडता येतं, एक पान लिहितं, दोन पानं लिहितं, मग रिफिल मागे सरकते. मला वाटलं होतं, पेनातलं काही कळणारा माणूस विचारील की ही चकती कसली. तू विचारलं नाहीस, टाकून दिली असशील. आणि मला वाटलं होतं, ते आधीच कधीतरी बंद पडेल. दुकानात, गिऱ्हाइकासमोर, बिर्टेसमोर, तुझं काय व्हायचं ते होईल. अगदी तिच्या सहीच्या वेळी पडेल असं मी धरलं नव्हतं.

हे मी आतापर्यंत स्वतःला सांगत होते. पण मग दुसरी चकती वळून पर्समध्ये कशाला ठेवली? धरलं नसतं तर ठेवली नसती.

मी तिला म्हटलं, "हो. माहीत होतं." खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

ती चिडली नाही. ते मला ओळखीचं वाटलं असतं. ती नोंदणीवाल्या बाईकडे वळून म्हणाली, "तुमचं देता का?" आणि कार्यालयाच्या त्या निळ्या, जाहिरात छापलेल्या, फुकट वाटायच्या पेनाने उरलेली सही केली. दीड अक्षरं एका शाईत, बाकीची दुसऱ्या. सरकारी वहीत ते कायमचं तसंच राहील. नंतर जेवण. बटाट्याच्या सॅलडमध्ये तुम्ही लोकांनी मेयोनीज ओतलेलं होतं, ते मी सगळं खाल्लं. ती माझ्याशी नीट बोलली. गाडी किती वाजता, सँडविच बांधून देऊ का. परक्या बाईशी बोलतात तसं. तुझ्याशीही तसंच बोलली, मी बघत होते.

पेन टेबलावरच राहिलं होतं. ती हिरव्या रुमालाची बाई जिन्यापर्यंत धावत आली आणि तिला मी आधी दिसले, म्हणून माझ्या हातात दिलं. ते माझ्याकडे आहे. उत्तम चालतं. कोणाला नको आहे.

आता ऐक. तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तू दिखाऊ माणूस आहेस, आळशी आहेस, आणि तुला ड्रिल कोणी विकलं त्याला शिक्षा व्हायला हवी. पण तू उठून बोललास ते बोललास. तुझं खोटं तू घरच्या स्वयंपाकघरात बोललास, मुलीला हसवायला. माझं मी तिच्या लग्नात पर्समधून नेलं. कुठलं जास्त घाणेरडं, यावर मी गाडीत सात तास विचार केला. उत्तर आलं ते मला आवडलं नाही.

मला तिला पत्र लिहायचं आहे. तुला मी गेल्या दीड महिन्यात पाच लिहिली, हे सहावं, एकदाही अडले नाही, शिव्या आपोआप येतात. तिला सोळा वर्षांत एक लिहिलेलं नाही. काल संध्याकाळी बसले. "स्वेन्या," एवढं लिहिलं. पुढे माझ्याकडे नुसते हुकूम निघतात. खा, झोप, समजून घे, आईवर रागावू नकोस. तेही हुकूमच. चार कागद फाडले.

तुला ते जमतं. तू कोणालाही काहीही विकलंस, मला तर तू स्वतःलाच विकलंस, आणि ते सगळं बोलण्याच्या जोरावर. सुरुवात कशी करायची ते तुला येतं, मला येत नाही. हे लिहिताना मला काय होतंय याची तू कल्पना करू नकोस.

सगळं पत्र नको लिहूस. ती ओळखील, आणि पुन्हा तेच होईल, एकाने करायचं आणि दुसऱ्याने नाव लावायचं. फक्त पहिलं वाक्य दे. त्यात गुळगुळीत काही नको, "लाडकी" नको, फुलं नकोत. एक साधं वाक्य, ज्याच्यानंतर तिने कागद खाली ठेवू नये. पुढचं मी लिहीन, मला जेवढं येतं तेवढं.

लवकर पाठव. घरच्या पत्त्यावर.

रोस्विता